डिस्क बदलली, दुखणं तेच

२००५ साली जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी गाळा घेतला, तेव्हा आमच्याकडे दुरुस्ती म्हणजे फॉरमॅट: डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. मशीन हँग होतंय? मारा फॉरमॅट. त्याच जोरावर आमचं नाव झालं, हे लिहायला आज संकोच वाटतो. पंधरा दिवस मशीन सुसाट, गिऱ्हाईक खूश, सोळाव्या दिवशी पुन्हा फोन.

विंडोज एक्सपीची एक खोड तर आम्हाला फार उशिरा कळली. केबल ढिली असली आणि डिस्कशी देवघेव करताना सहा चुका मोजल्या गेल्या, की एक्सपी डिस्कचा वेग एक पायरी उतरवायचा. असं उतरत उतरत गाडी थेट पीआयओ या सगळ्यात संथ मोडवर. मग सगळा माल प्रोसेसरलाच वाहावा लागे आणि टॅलीचा बॅकअप लावला की माउससुद्धा अडखळे. केबल बदलून वेग आपोआप परत येत नसे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून त्या डिस्कचा आयडीई चॅनल, म्हणजे तिच्या जोडणीची नोंद, काढायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं, एवढंच औषध. पाच मिनिटांच्या या कामासाठी आम्ही किती फॉरमॅट मारले असतील, देव जाणे.

२०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला आणि आमच्या काउंटरवर हार्ड डिस्क महागल्या. फेकण्याआधी डिस्क तपासायची सवय आम्हाला त्या महागाईने लावली. डिस्क स्वतःची हकीगत स्वतःच लिहून ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातला ५ किंवा १९७ नंबरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचा, आकडा वाढत असेल तर डिस्कचं काही खरं नाही. १९९, म्हणजे केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर आधी केबल बघा. केबल बदलली तरी १९९ चा जुना आकडा खाली येत नाही, तो पुढे सरकतोय का एवढंच पाहायचं. हे ठाऊक नसल्याने चांगल्या डिस्क भंगारात गेल्या आहेत, आमच्या हातूनही.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि कापसाच्या जिनिंगपासून केळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांना कॉम्प्युटर रोजचा झाला. त्याच हंगामात धरणगावकडच्या एका जिनिंगमधून मुनीमजींचा फोन: "भाऊ, परत बठी गया!" बिल करता करता मशीन वीस-पंचवीस सेकंद गोठायचं, कॅबिनेटचा लाल दिवा एकसारखा लागून राहायचा, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू. आम्ही रॅम बदलली, केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं आणि शेवटी डिस्कही बदलली. बिल लावलं. पाचव्या दिवशी पुन्हा फोन.

मग मी स्वतः जाऊन बसलो. मुनीमजी शिस्तीचे, मशीन अडकलं की वजनकाट्याच्या पावतीमागे वेळ टिपून ठेवायचे. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला तर नेमक्या त्याच वेळांना १२९ नंबरची नोंद: डिस्क उत्तर देत नाही, म्हणून विंडोजने तिला रिसेट केलं. पण डिस्क तर कोरी. उत्तर का देत नसावी?

दुपारी ऐकू आलं. टक्, आणि मागोमाग डिस्क नव्याने फिरायला लागल्याची घरघर. स्मार्टमधला १२ नंबर उघडला. डिस्कला कितीदा वीज मिळून ती चालू झाली, त्याचा हा आकडा. सकाळी ४१ होता, तीन वाजता ४७. मशीन मात्र सकाळपासून एकदाही बंद केलं नव्हतं. म्हणजे डिस्कचीच वीज क्षणभर तुटत होती. पलीकडच्या खोलीत गाठी बांधायची प्रेस दाबायला लागली की आमच्या बाजूची भिंत थरथरायची. आम्ही ज्याला 'कधीही होतं' म्हणत होतो, ते प्रेसच्या वेळापत्रकाने चाललं होतं.

कॅबिनेट उघडलं. मशीनला वीज पुरवणाऱ्या जुन्या एसएमपीएसला साटाची, म्हणजे नव्या धाटणीच्या डिस्कची, पिन नव्हती, म्हणून मध्ये चार पिनांचा पांढरा कन्व्हर्टर लावलेला. त्याची पिवळ्या वायरची पिन सैल आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. हा कन्व्हर्टर लावला कोणी? आम्हीच. दोन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर माझीच सही होती.

डिस्कचे पैसे परत केले. मुनीमजी नको नको म्हणत होते, तरी दिले. एसएमपीएस नवा बसवला, त्याचे मात्र घेतले.

आता बहुतेक कामं एसएसडीची, म्हणजे चिपवाल्या डिस्कची. ती फिरत नाही, त्यामुळे टक् ऐकू येत नाही, पण वीज तुटली की अडकते तीही. इथला मे महिना आणि कॅबिनेटमध्ये साचलेला कापूस हे दोन जुने सोबती तर आहेतच, आधी ब्लोअर मारल्याशिवाय आमची पोरं स्क्रू ड्रायव्हरही हातात घेत नाहीत. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवतो: तारीख, आणि ५, १२, १९७, १९९ चे त्या दिवशीचे आकडे. धरणगावचा तो कन्व्हर्टर काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो आणि विचारतो, यात काय बिघडलंय?