टोमॅटो मूळचा कुठला?

दुपारी उभ्या उभ्या टोमॅटो चिरत होतो. सुरी बोथट, त्यामुळे साल आत दबली आणि बिया थेट चष्म्यावर. लहानपणी टोमॅटो चिरून खातंय कोण! देठाशी दाताने भोक पाडायचं, आत चिमूटभर मीठ कोंबायचं आणि चोखायचं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा, तो आधी चाटायचा, उरलेला सदऱ्याला. पुढचा मार ठरलेला.

हे फळ अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलंय असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. इटलीतही हसणारे निघतील. तिथं टोमॅटो पोचला सोळाव्या शतकात, आणि बरीच वर्षं लोक त्याच्याकडे संशयानेच बघत होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये टोमॅटोच्या सॉसची कृती छापली गेली, तीसुद्धा ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून! त्याच नेपल्सची पिझ्झा करण्याची कला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पाहुणा एकदा घरचा झाला की दारात काठी घेऊन तोच उभा राहतो.

२००९ मध्ये इटलीतल्या लुक्का शहराने तटबंदीच्या आतल्या जुन्या भागात परदेशी पदार्थांची नवी हॉटेलं काढायला बंदी घातली. मला तर हसूच आलं. जेवताना ‘हे काही अस्सल नव्हे’ म्हणणाऱ्यांचा मला मुळातच तिटकारा. घास तोंडात असताना वंशावळ कसली काढता?

पण १९८६चं रोम आठवलं की हसू आवरतं. तिथल्या ‘स्पॅनिश पायऱ्या’ या प्रसिद्ध जिन्याजवळ मॅकडोनल्ड्स येणार म्हणून लोक निषेधाला जमले आणि त्यांनी चक्क पास्ता वाटला. फास्ट फूडला उत्तर म्हणून गावोगावचं जुनं खाणं जपणारी, इटलीच्याच कार्लो पेत्रीनींची स्लो फूड चळवळ तिथूनच उभी राहिली. विस्मरणात चाललेल्या वाणांची, पदार्थांची यादी पुढे याच मंडळींनी करायला घेतली. वाण टिकवायचं तर ते कुणीतरी विकत घेऊन खाल्लं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. बंदी घालून कुणी जुनं बियाणं पेरायला लागत नाही.

आणि घरोघरी ज्या कृती म्हाताऱ्या माणसांबरोबर जातात, त्यात कुठल्याच परदेशी हॉटेलचा हात नसतो. कुणी विचारलेलंच नसतं. विचारायला बसलं तरी उत्तर येतं, “अरे, मीठ लागेल तेवढं घालायचं.” आता हे युनेस्कोला कळवायचं कसं?