लिंबूटिंबू

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेट-टुगेदरचं घाटत होतं तेव्हा एकाने हौसेने सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी केली, तर त्यात अकरा जणांचा वाढदिवस १ जून. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. जन्माची नोंद कोणाकडे धड नसायची, गुरुजी नाव घालताना विचारायचे, आई म्हणायची पोळ्याच्या आसपास झालाय, की गुरुजींनी टाकली १ जून. त्या अकरांत मी पण आहे, १ जून १९८१. फक्त बाकीच्यांची तारीख अंदाजे टाकलेली आणि माझी मुद्दाम. मी खरी नोव्हेंबर १९८२ ची, दिवाळी नुकतीच उरकली होती असं आई सांगते. म्हणजे दाखल्यावर मी दीड वर्षाने मोठी आहे, आणि ते दीड वर्ष मी नेमकं कुठे जगले ते मला अजून सापडलेलं नाही. आता बँकेतून रिटायर पण दीड वर्ष आधीच होणार, ते वेगळंच.

झालं असं की आण्णा एसटीत कंडक्टर होते. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मोठी भावंडं खेळायला जायची आणि मी आण्णांच्या गाडीत, कंडक्टरच्या सीटवर खिडकीकडेला. तेव्हा मशीन वगैरे नव्हतं, तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे असायचा, रंगीत गठ्ठे लावलेले, आणि आण्णा पंच त्याच्यावर आपटत आपटत मागून पुढे यायचे, टिक-टिक-टिक, तिकीट घ्या तिकीट. दिवस संपला की वे-बिल भरायचं. प्रत्येक गठ्ठ्याचा सकाळचा नंबर आणि आत्ताचा नंबर, वजाबाकी करायची, किती तिकिटं खपली ते आलं, गुणिले भाडं, अशी सगळ्या गठ्ठ्यांची बेरीज. आण्णांना हे दिव्याखाली डोळे बारीक करून करायला लागायचं आणि मी शेजारी बसून उत्तर सांगायचे. का सांगता यायचं ते मला माहीत नाही, मला आकडे दिसायचे एवढंच. मी तेव्हा साडेचार वर्षांची.

आमच्या शाळेचे हेडगुरुजी त्याच गाडीने अप-डाऊन करायचे. त्यांनी दोन शनिवार बघितलं, तिसऱ्या शनिवारी आण्णांना म्हणाले, कंडक्टर, पोरगी घरात काय ठेवलीये, द्या माझ्याकडे. जून १९८७ ला मी पहिलीत. तिसरी तर बघितलीच नाही, दुसरीतून डबल प्रमोशन देऊन डायरेक्ट चौथीत, कारण चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची (मधे काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला केली होती) आणि गुरुजींना शाळेतून एक तरी पोर यादीत आणायचं होतं.

आता इथे एक गोष्ट क्लिअर करते. अशा गोष्टी लिहिल्या की लोकांना वाटतं मारून मुटकून अभ्यास करून घेतला असेल, बिचारीचं बालपण करपलं वगैरे. तसं अजिबात नाही. मला अभ्यासाचा त्रास नव्हता, मला तो आवडायचा. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे पेपर असायचे, त्यातलं बुद्धिमत्ता म्हणजे माझ्यासाठी गोळ्या-बिस्किटं होती. आरशातलं घड्याळ, गटात न बसणारा शब्द, अमुक पूर्वेला चालत गेला मग डावीकडे वळला. गाईडमधले सगळे प्रश्न संपले तेव्हा मी रडले होते, नवीन गाईड आणा म्हणून. त्रास दुसराच होता आणि तो कोणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

मला कोणी आऊट करायचं नाही.

वर्गातल्या पोरी माझ्यापेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठ्या. त्या वयात दोन वर्षं म्हणजे केवढं, मी त्यांच्या खांद्याला लागायचे. लंगडी असो, विषामृत असो, डबा ऐसपैस असो, पहिल्यांदा पंजे उलटे-सुलटे टाकून सुटायचं असतं ना, त्यात माझा हात कोणी धरायचंच नाही. तू लिंबूटिंबू. म्हणजे खेळायचं सगळं, पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण पकडलं तरी आऊट नाही आणि राज्य तर कधीच नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांना वाटेल किती मज्जा. दोन दिवस असते मज्जा. तिसऱ्या दिवशी कळतं की आपण खेळतच नाहीये, आपण नुसतं खेळणाऱ्यांच्या मधून पळतोय.

मग तुझ्या वयाच्यांबरोबर खेळायचं ना, असं कोणी म्हणेल. गेले की. आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या चार-पाच जणी होत्या, पण त्यांच्या आया त्यांना रोज माझ्या नावाने मारायच्या. ती बघ, तुझ्याच वयाची, चौथीत गेली आणि तुला अजून ‘क्ष’ काढता येत नाही. मी दिसले की त्या सागरगोटे गोळा करून घरात जायच्या. त्यांचं काही चुकलं नाही, मी पण गेले असते.

डबा ऐसपैसचा एक दिवस मात्र अगदी काल घडल्यासारखा डोळ्यासमोर आहे. डालडाचा चेपलेला डबा, मधोमध आखलेलं रिंगण. एकाने डबा लांब भिरकवायचा, राज्य असलेल्याने तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. मग दिसला की नाव घेऊन डबा आपटायचा, ऐसपैस! आणि तेवढ्यात कोणी मागून येऊन डबा उडवला तर परत राज्य. त्या दिवशी मी ठरवलं की आज असं लपायचं की मला शोधायलाच लागलं पाहिजे. शाळेमागे एकांची कडब्याची गंजी होती, तिच्या आणि भिंतीच्या मधे जेमतेम माझ्याएवढी फट. आत शिरले. कडब्याची पानं हाताला, मानेला कापत होती, नाकात भुसा, शिंक आली तर तोंडावर फ्रॉक दाबून धरला. बाहेर आरडाओरडा चाललेला, एकेकाचं नाव, ऐसपैस, ऐसपैस, मी मोजत होते, नऊ जण झाले, आता दहावी मी. मग आवाज कमी झाले. मला वाटलं शोधतायत. मला खूप भारी वाटलं, खोटं कशाला सांगू, इतकं भारी मला यादीत आल्यावर पण वाटलं नाही. मग अंधार पडायला लागला, देवळात आरती सुरू झाली, चुलींचा धूर यायला लागला. आणि आईची हाक, लांबून, नेहमीची चिडलेली. बाहेर आले तर ग्राऊंडवर कोणी नाही. डबा रिंगणात तसाच.

मला विसरले नव्हते ते. लिंबूटिंबूला शोधायचं नसतं, एवढंच.

पुढचं भराभर सांगते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. १९९० च्या स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत नाव आलं, पेढे, सत्कार, नारळ, टोपी (मुलीला टोपी का घातली माहीत नाही, पण फोटोत आहे). त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे उभं राहून एकोणतीसचा पाढा. आज्जीकडून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी शिकले होते ते पण म्हणून दाखवायचं, पाहुणे चहा बशीत ओतून भुरकत भुरकत ऐकायचे, एकोणतीस चोक सोळोदरसे आलं की माना डोलवायचे. कोणीतरी हमखास म्हणायचं, ज्ञानेश्वरांनी सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मोठी झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की अहो, ती तर संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, त्या चौघांना तरी गावात कोण खेळायला घेत असणार! पण हे तेव्हा सुचलं असतं तरी बोलायची सोय नव्हती.

दहावीला १९९६ मध्ये मी बोर्डात येणार असं सगळ्या गावाने धरलेलं. नाही आले. मार्क चांगले होते, यादीत बसण्याइतके नव्हते. खरी साडेतेरा वर्षांची होते मी. निकालाच्या दिवशी लोक सुतकाला यावेत तसे येऊन बसून गेले. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त त्या शनिवारी गाडीत म्हणाले नाहीत, ये शेजारी बस. खरं तर मी तोवर त्या सीटवर मावत पण नव्हते. त्यांच्यावर राग नाही माझा, आयुष्यभर दुसऱ्यांना सीट देऊन स्वतः उभा राहिलेला माणूस तो, त्यांना वाटलं पोरीला बसायला जागा मिळतेय तर बसू दे.

एवढं सगळं आत्ता का आठवलं तर मध्ये रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर वाचत पडले होते आणि विल्यम जेम्स सायडिस नावाच्या एका अमेरिकन माणसाबद्दल वाचलं. १८९८ चा जन्म, १ एप्रिलचा. वडील मानसशास्त्रज्ञ, त्यांनी पोराला आपल्या पद्धतीने वाढवलं आणि १९०९ मध्ये अकराव्या वर्षी तो हार्वर्डला. पुढच्या जानेवारीत त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं, पेपरात फोटो, गाजावाजा. सोळाव्या वर्षी पदवी. आणि मग त्याने काय केलं तर सगळ्यांपासून लांब गेला, साध्या कारकुनी नोकऱ्या करत राहिला, बेरजेच्या मशीनवर बसायचं काम, आणि तो कोण आहे हे ऑफिसात कळलं की नोकरी सोडायचा म्हणे.

इथपर्यंत मी नुसतं हं हं करत वाचत होते. मग पुढे आलं की त्याला ट्रामची तिकिटं जमवायचा नाद होता. एका ट्राममधून उतरून दुसरीत बसताना परत पैसे पडू नयेत म्हणून कंडक्टर जी चिठ्ठी देतो ती. १९२६ मध्ये त्याने त्या चिठ्ठ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते पण टोपणनावाने. रंग कुठला, पंच कुठे मारतात, कुठल्या लाईनची कशी असते.

मी उठून बसले. नवरा झोपेत म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही, ट्राम.

लोकांनी याच्यावर फार कीव केलीय, एवढा बुद्धिमान माणूस आणि शेवटी तिकिटं गोळा करत बसला. मला नाही वाटत कीव करण्यासारखं. तो आमच्या कंडक्टरच्या सीटवर बसला होता, खिडकीकडेला, आणि यावेळी कोणी हेडगुरुजी बघत नव्हते. मला खरी चीड दुसऱ्या गोष्टीची आली. १९३७ मध्ये न्यूयॉर्कर मासिकाने त्याला शोधून काढून लेख छापला, एकेकाळचा तो चमत्कारी मुलगा आता बघा कुठल्या खोलीत राहतो, कसा हसतो. तो कोर्टात गेला, माझं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं म्हणून. १९४० मध्ये कोर्टाने सांगितलं, लेख निर्दय आहे खरा, पण तू एकदा प्रसिद्ध व्यक्ती होतास, तुझं पुढे काय झालं यात लोकांना रस असणारच. म्हणजे अकराव्या वर्षी मोठ्यांनी याला स्टेजवर उभं केलं आणि बेचाळिसाव्या वर्षी त्याला सांगितलं की बाबा तू उतरलाच नाहीस अजून. १९४४ मध्ये गेला, सेहेचाळीस वर्षांचा.

मला गावी अजून विचारतात. तू तर कलेक्टर होणार होतीस ना? मी पुण्यात बँकेत आहे, कर्जाच्या फायली बघते, संध्याकाळी सहाला घरी येते, आणि मला माझं काम आवडतं, पण हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच निकालाच्या दिवशीचं सुतक येतं. त्यामुळे मी आता म्हणते, हो ना, राहूनच गेलं.

तर गेट-टुगेदर. गेल्या रविवारी, शाळेच्याच ग्राऊंडवर, एकोणीस जण आलेले. सगळे पंचेचाळिशीचे, पोटं सुटलेली, दोघींचे गुडघे गेलेले. कडब्याची गंजी होती तिथे आता पाण्याची टाकी आहे. कोणीतरी ऑइल पेंटचा रिकामा डबा आणला आणि म्हणाला चला ऐसपैस. सुटताना मी सगळ्यांच्या मधे हात घातला, घट्ट, आणि कोणी काही म्हणालं नाही. राज्य आलं आमच्या तेव्हाच्या मॉनिटरवर, आता त्याचं खतांचं दुकान आहे. मी टाकीमागे लपले, पण मुद्दाम अशी की साडीचा पदर दिसला पाहिजे. दोन मिनिटात माझं नाव आलं, पूर्ण नाव, माहेरचं, आणि डबा आपटला, ऐसपैस! सगळ्यात पहिली मी. म्हणजे पुढचं राज्य माझ्यावर.

मी पळत रिंगणापाशी आले तर मागून एकजण ओरडली, ए तिला सोड रे, लिंबूटिंबू आहे ती! सगळे खदाखदा हसले. मॉनिटर पण हसला आणि म्हणाला, अरे हो की, परत घेतो मी. मी म्हटलं अजिबात नाही, आऊट म्हणजे आऊट, राज्य माझं आहे, तुम्ही लपा. तेवढ्यात केटररचा पोरगा आला, पानं वाढलीयेत, रस्सा गार होतोय. झालं, सगळे निघाले हात धुवायला, पंचेचाळिशीत भुकेपुढे खेळ टिकत नाही. मी डबा उचलून गाडीच्या डिकीत टाकला.

ग्रुपवर लिहिलंय की पुढच्या वेळी पहिलं राज्य माझं, बाकी आहे. चौदा जणांनी अंगठा दाखवलाय. मॉनिटरने अजून मेसेज बघितलेला नाही.