तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरून आलेल्या बाईने 'इमिग्रेशन कमी करा' म्हणावं का?

पुण्याहून आत्याचा फोन आला की हा प्रश्न येतोच. इथे मंडळाच्या गणपतीत नव्याने आलेली मुलंही विचारतात, जरा चाचरत: "ताई, तुम्ही स्वतः बाहेरून आलात. मग आकडा कमी करा असं तुम्ही कसं म्हणता?" मी ब्रॅम्प्टनला राहते, एका फार्मसीत काम करते आणि कॅनडाची नागरिक झाल्यापासून एकही मतदान चुकवलेलं नाही. मत कोणाला देते ते सांगणार नाही. देताना आधी काय बघते ते सांगते.

मुळात वर्षाला किती जणांना येऊ द्यायचं हा आकडा मतपत्रिकेवर कधीच येत नाही. कायद्याप्रमाणे इमिग्रेशन मंत्र्याला १ नोव्हेंबरपर्यंत पुढच्या वर्षाचा आराखडा संसदेपुढे ठेवावा लागतो. त्याआधी मंत्रालय लोकांचीही मतं मागवतं, ऑनलाइन प्रश्नावली असते. मी ती भरते. नवऱ्याच्या मते तो वेळेचा अपव्यय आहे. (१८६७ च्या राज्यघटनेत शेती आणि इमिग्रेशन एकाच, ९५ व्या कलमात बसवलेत. तेव्हा माणसं हवी होती ती जमीन कसायला, हे त्या एका कलमावरून कळतं.)

भांडण होतं ते पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीच्या आकड्यावरून. २०२३ मध्ये सुमारे ४ लाख ७१ हजार लोकांना पीआर मिळालं. २०२५ साठी ५ लाखांचं लक्ष्य होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं. आत्याला वाटलं, दार बंद झालं. पण घरभाडं वाढलं, फॅमिली डॉक्टर मिळेना, याचा राग ज्या गर्दीवर निघाला ती बरीचशी पीआरवाल्यांची नव्हतीच. ती होती स्टडी परमिट आणि वर्क परमिटवर आलेल्यांची, आणि त्यांच्या संख्येला २०२४ पर्यंत आराखड्यात कमाल मर्यादाच नव्हती. देशाच्या लोकसंख्येत अशा तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण ६ टक्क्यांच्या वर गेल्यावर सरकारने ते ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं.

ही मुलं मला काउंटरवर भेटतात. गोदामातली रात्रपाळी संपवून येतात, पाठीवर लावायला काहीतरी द्या म्हणतात, आणि किंमत बघून लहान ट्यूब घेतात. एका बेसमेंटमध्ये पाच-सहा जण राहतात, झोपायच्या पाळ्या ठरलेल्या. ही आली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. आमच्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी करून गोठवली. मतदार खूश झाले. कॉलेजांना खर्च भागवायचा होताच, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला असं बंधन नव्हतं. मग कॉलेजांनी भारतात एजंट नेमले. एजंट पैसे घेत होता कोर्सचे आणि स्वप्न विकत होता पीआरचं. इकडे पंजाबात कोणी जमीन विकली, तिकडे नाशिकात कोणी घर गहाण टाकलं. म्हणजे ओंटारिओच्या मुलांची स्वस्त फी बरीचशी त्या शेतजमिनीतून निघाली. रात्रपाळ्याही इथल्या मालकांना हव्याच होत्या: नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा सरकारनेच उठवून ठेवली होती.

आता शिक्षण झालं की पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि तेही आयुष्यात एकदाच. तेवढ्यात पीआर झालं तर झालं. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण देऊन पीआरसाठी निवडायच्या पद्धतीत, इथल्या कामाच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्यांना २०२४ मध्ये ५०० च्या वर गुण लागत होते. फ्रेंच येणाऱ्यांना त्याहून बऱ्याच कमी गुणांत बोलावणं आलं. माझा भाचा हल्ली फ्रेंच क्रियापदांची रूपं पाठ करतो, फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलला जायचा त्याचा काडीचाही विचार नाही.

तर माझा पहिला क्रम हा: ज्यांना आपणच आत घेतलं, ज्यांची फी आणि कर आपण घेतले, त्यांचा निकाल आधी लावा. सगळ्यांना पीआर द्या असं मी म्हणत नाही. पण किती जणांना मिळेल, कोणत्या गुणांवर, हे मुलगी फी भरायच्या आधी तिला कळलं पाहिजे, आणि तिचा कोर्स चालू असताना नियम बदलता कामा नये. तोपर्यंत नवी परमिटं कमी काढा, खुशाल. यालाच कोणी 'इमिग्रेशन कमी करा' म्हणत असेल, तर हो, मी तेच म्हणते.

दुसरा क्रम परवान्यांचा. इथे जास्त लिहीत नाही, कारण मी त्यातून गेले आहे आणि अजून चिडते. भारतातली बी. फार्म. बघून कॅनडाच्या केंद्र सरकारने मला गुण दिले आणि बोलावलं. इथे उतरल्यावर कळलं की त्या पदवीवर औषध द्यायची परवानगी प्रांतातली वेगळी संस्था देते, आधी मूल्यांकनाची परीक्षा, मग पात्रतेची. परीक्षा असावी, औषधाचा मामला आहे. पण शिक्षणाचे गुण देऊन माणूस बोलवायचा आणि तेच शिक्षण दारात बाजूला ठेवायला लावायचं, हे कुठलं धोरण?

तिसऱ्या मुद्द्यावर मंडळातल्या बायका माझ्याशी वाद घालतात. आई-वडिलांना पीआर. मागणी प्रचंड, जागा थोड्या. २०२० मध्ये ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यातूनच पुढची काही वर्षं चिठ्ठ्या काढत राहिले. माझं मत असं की पालकांसाठी सुपर व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा पाहुण्यांचा व्हिसा, पुरे. एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, आणि किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. सासूबाई तशाच येतात. विम्याचा हप्ता बघून दर वेळी पोटात गोळा येतो, पण उतारवयातल्या उपचारांचा खर्च शेजाऱ्यांच्या करातून मागायला माझी जीभ रेटत नाही. आई-वडील हा काय हिशेबाचा विषय आहे का, असं एक मैत्रीण म्हणाली आणि महिनाभर बोलली नाही. त्या वाचलेल्या जागा निर्वासितांना द्याव्यात, हेही मी प्रश्नावलीत लिहिलं. त्यांना परत जायला घर नाही. सासूबाईंचा कोथरूडला फ्लॅट आहे.

आकडा माझ्या यादीत शेवटी येतो. पण 'कमी करा' म्हणणारा प्रत्येक जण घरं आणि दवाखानेच मोजत असतो असं मी समजत नाही. १९०८ मध्ये इथे नियम झाला की मायदेशातून न थांबता, थेट प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश. नियमात भारताचं नाव कुठेही नव्हतं. फक्त भारतातून असं थेट जहाज नव्हतं. १९१४ मध्ये भारतातल्या ३७६ प्रवाशांचं कोमागाता मारू हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडलं आणि बहुतेकांना परत जावं लागलं. संसदेत माफी मागितली गेली ती २०१६ मध्ये. म्हणून नवा नियम आला की तो कोणाला अडवतो हे मी आधी बघते, कशासाठी केलाय हे नंतर.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार दारावर येतात तेव्हा मी त्यांना आकडा विचारत नाही. संपत आलेल्या वर्क परमिटांचं काय करणार, एवढंच विचारते. बहुतेक जण हातात पत्रक देऊन 'ऑफिसला ईमेल करा' म्हणतात. मागच्या खेपेला एका तरुण उमेदवाराने मात्र वही काढून प्रश्न लिहून घेतला. तो निवडून आला नाही.