लम्पीचा व्हायरस वाढवायचा होता, अडकले सीरमच्या फाईलमध्ये

२०२२ च्या लम्पीच्या साथीत जनावरांच्या अंगावरच्या गाठींच्या खपल्या आणून मायनस ८० डिग्रीला ठेवल्या होत्या, एमव्हीएस्सीच्या (पशुवैद्यकातल्या मास्टर्सच्या) प्रोजेक्टसाठी त्यातला व्हायरस एमडीबीके सेल्सवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवतात त्या गाईच्या किडनीच्या पेशींवर, वाढवायचा होता. सेल्सच्या दोन व्हायल (छोट्या कुप्या) आल्या, मीडिया म्हणजे सेल्स वाढवायचं द्रव आलं, ते सगळं सुरळीत. अडकलं ते त्या मीडियात घालायचं सीरम.

इंडेंटमध्ये, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रात, मी 'बीव्हीडी टेस्टेड, गॅमा इरॅडिएटेड' लिहिलं होतं, म्हणजे बीव्हीडी या गुरांच्या हगवणीच्या व्हायरससाठी तपासलेलं आणि गॅमा किरणांनी व्हायरस मारलेलं. खरेदी विभागाने फाईल परत पाठवली, म्हणे अशी अट घातली तर तीन कोटेशन येणार नाहीत, अट काढा. मी स्वतः जाऊन सांगितलं की साहेब, हे सीरम गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं असतं, त्यात बीव्हीडीचा व्हायरस असू शकतो, आणि त्याचे बरेच स्ट्रेन सेल्सना मारत नाहीत, मायक्रोस्कोपखाली सगळं छान दिसतं, कळतच नाही, आणि अशा सेल्सवर वाढवलेला व्हायरस उद्या कुणी लशीसाठी नेला तर सोबत बीव्हीडी पण जाईल. तर म्हणाले, "अहो मॅडम, सीरम ते सीरम, एल-वन असेल त्याचं घ्यायचं." (एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा.) अडीच महिने फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, मग एक सही राहिली, मग सहीवाले साहेब रजेवर, शेवटी ३१ मार्चला ग्रँट परत जाईल या भीतीने मीच अट काढून दिली. त्याचा अजून राग येतो.

स्वस्तातलं सीरम आलं, सेल्स मस्त वाढल्या. सहाव्या पॅसेजला, म्हणजे सेल्स सहाव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्यावर, गाईड मॅडमनी आरटी-पीसीआर करायला लावली, बीव्हीडी पॉझिटिव्ह! न उघडलेली सीरमची बाटली तपासली, तीही पॉझिटिव्ह. फ्रीझ केलेल्या व्हायल्ससकट सगळं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत घालून नष्ट. दुसरी मूळ व्हायल फोडली नव्हती म्हणून वाचले. सीरम ५६ डिग्रीला अर्धा तास गरम केलं की झालं यावर भरवसा ठेवू नका, ते कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं) घालवण्यासाठी असतं. पेनिसिलीन-स्ट्रेप्टो या अँटिबायोटिक्सचाही इथे उपयोग नाही, ती व्हायरसवर चालत नाहीत.

दुसऱ्यांदा घोड्याचं सीरम मागवलं, एमडीबीके त्यात चांगल्या वाढतात आणि बीव्हीडीची ही कटकट नसते. इंडेंटसोबत पानभर जस्टिफिकेशन जोडलं, प्रत्येक अट का हवी ते साध्या मराठीत, खाली मॅडमची सही. फाईल अकरा दिवसांत सुटली. तुम्ही पहिल्याच दिवशी जोडा.

हां, खपल्यांचं राहिलंच. वाटून, सेंट्रिफ्यूज करून गाळताना ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर घ्या, ०.२२ चा नको. लम्पीचा व्हायरस साधारण ३२० नॅनोमीटर लांब असतो, तो बारीक फिल्टरवरच अडकतो.

गाळलेलं सेल्सवर घातलं. व्हायरसच्या पहिल्या दोन पॅसेजमध्ये काहीच दिसलं नाही, प्रत्येक वेळी १४ दिवस वाट बघून फ्रीझ-थॉ करून (गोठवून परत वितळवून) पुढच्या ताज्या सेल्सवर नेलं. तिसऱ्याला पाचव्या दिवशी सकाळी सेल्स गोल होऊन सुटायला लागल्या होत्या, व्हायरस न घातलेला कंट्रोल फ्लास्क मात्र जशाचा तसा. मी धावत मॅडमना बोलावून आणलं. लम्पीची पीसीआर पॉझिटिव्ह आली, बीव्हीडीची परत लावली, निगेटिव्ह, तेव्हा कुठे व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवल्या.