तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनची हुआना राणी खरंच वेडी होती का?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, बारा-तेरा वर्षं झाली आता. प्रत्येक बॅचला विशेषणं शिकवताना 'लोको, लोका' म्हणजे वेडा, वेडी हा शब्द येतो आणि तो आला की कुणीतरी मोबाईलवर शोधून प्रादिया या चित्रकाराचं ते 1877 चं चित्र दाखवतंच, उघडं माळरान, शवपेटी, वाऱ्याने उडणारा धूर आणि पेटीकडे बघत उभी असलेली काळ्या कपड्यातली गरोदर राणी. मग विचारतात, मॅम ही हुआना ला लोका, ही खरंच वेडी होती का, नवऱ्याचं प्रेत घेऊन फिरायची म्हणे? तासाला वेळ नसतो, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून पुढे जाते आणि घरी येताना दर वेळी चुटपुट लागते. मागच्या आठवड्यात परत तुमच्यापैकी एकाने विचारलंत, म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

हुआना 1479 ची, तोलेदोला जन्मलेली. आईबाप म्हणजे स्पेनचे राजा-राणी इसाबेल आणि फर्नांदो, ज्यांनी ग्रानादा जिंकलं आणि कोलंबसला पाठवलं ते. हे तिसरं अपत्य, त्यामुळे राज्य तिच्या वाट्याला येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. लॅटिन उत्तम यायचं, क्लाविकॉर्ड हे पियानोसारखं वाद्य वाजवायची, सोळाव्या वर्षी मोठ्या आरमाराबरोबर लारेदो बंदरातून फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात पाठवली आणि 1496 मध्ये तिथला सत्ताधीश फिलिप याच्याशी लग्न लावून दिलं. त्याला स्पॅनिशमध्ये 'देखणा' हेच टोपणनाव आहे, आणि तो होताही तसा, आणि बायकांच्या मागेही असायचा. मग बघा काय झालं, 1497 ला भाऊ गेला, 1498 ला मोठी बहीण बाळंतपणात गेली, 1500 साली त्या बहिणीचं दोन वर्षांचं पोर गेलं, आणि लांब परमुलखात नवऱ्याच्या पैशांवर, नवऱ्याच्या माणसांत राहणारी ही मुलगी एकदम कास्तियाची, म्हणजे स्पेनमधल्या आईच्या राज्याची वारस झाली. माझ्या मते तिचं वाईट इथूनच सुरू होतं. तोपर्यंत ती फक्त एका छंदी माणसाची दुखावलेली बायको होती, आता ती सगळ्यांच्या वाटेत आली.

आधी तिच्या विरुद्ध जे आहे ते सांगते, लपवत नाही. 1503 च्या नोव्हेंबरात, ती स्पेनला आलेली असताना, आईने तिला मेदिना देल काम्पोच्या ला मोता किल्ल्यात अडवून धरलं, नवऱ्याकडे जाऊ देईनात, तेव्हा ती बाहेरच्या फाटकापाशी थंडीत उघड्यावर बसून राहिली, आत यायला तयारच नाही. फ्लँडर्सला परत गेल्यावर नवऱ्याच्या एका मैत्रिणीवर धावून गेली, तिचे केस कापले असं सांगतात. पुढच्या आयुष्यात दिवसच्या दिवस जेवायची नाही, अंघोळ नाही, कपडे बदलायचे नाहीत, जमिनीवर झोपायची, चर्चच्या प्रार्थनेला जायला नकार द्यायची. तिची आजीसुद्धा, म्हणजे इसाबेलची आई, शेवटची कित्येक वर्षं आरेवालोला अशीच उदास होऊन एकांतात राहिली होती. म्हणजे घराण्यात काहीतरी असेलही, आजच्या डॉक्टरने कदाचित डिप्रेशन म्हटलं असतं, मी डॉक्टर नाही.

पण हे सगळं आपल्याला कुणी लिहून ठेवलं ते बघायला पाहिजे ना. फ्लँडर्समधल्या वागण्याची रोजनिशी लिहिली नवऱ्याच्या सांगण्यावरून तिच्याच खजिनदाराने, आणि ती थेट तिच्या आईबापांकडे पाठवली. पुढची पत्रं लिहिली तिला कोंडून ठेवायचा पगार घेणाऱ्यांनी. 1505 मध्ये ब्रसेल्सहून तिच्या नावाचं एक पत्र गेलेलं आहे, त्यात म्हटलंय की मला अक्कल नाही असं तिकडे बोलतात ते मला कळलंय, मी जे वागले ते मत्सरापोटी, आणि ही गोष्ट काही माझ्या एकटीत नाही, माझ्या आईलाही होती, काळाने ती बरी झाली, तशी मीही होईन. आता हे पत्रसुद्धा नवऱ्याने तिच्याकडून लिहून घेतलं असं बरेच जण मानतात, असेलही, पण आईचा तो उल्लेख वाचला की मला मात्र तिचाच आवाज ऐकू येतो.

1504 ला इसाबेल वारली. मृत्युपत्रात लिहून गेली की हुआना राणी, पण ती देशात नसेल किंवा तिला राज्य करायचं नसेल किंवा करता येत नसेल तर तिच्या वडिलांनी कारभार बघावा. त्या एका कलमावर पुढचं सगळं उभं आहे. बाप म्हणतो तिला करता येत नाही, मी बघतो. नवरा म्हणतो बरोबर, करता येत नाही, पण मी बघतो. 1506 च्या जूनमध्ये वियाफाफिलाला सासरा-जावयाचा करार झाला, त्यात दोघांनी ठरवलं की ही राज्य करायला लायक नाही. राणी ती, करार तिच्या राज्याचा, आणि ती त्या करारात कुठेच नाही! आणि सही करून झाल्यावर त्याच दिवशी फर्नांदोने गुपचूप दुसरा कागद केला की माझ्याकडून हे जबरदस्तीने लिहून घेतलंय, मला मान्य नाही. असा बाप.

तीन महिन्यांत, 25 सप्टेंबर 1506 ला, फिलिप बुर्गोसला तापाने गेला, अठ्ठावीस वर्षांचा. ही सव्वीस वर्षांची आणि पोटात सहावं मूल. आता ती शवपेटी. फिलिपची इच्छा ग्रानादाला पुरावं अशी होती, हुआनाची आईही तिथेच पुरलेली, बुर्गोसच्या भागात प्लेग पसरलेला, म्हणून डिसेंबरात ती पेटी घेऊन निघाली. प्रवास रात्रीचा, मशालींच्या उजेडात. बायकांच्या मठात पेटी ठेवू दिली नाही ही जी गोष्ट सांगतात ती त्या वेळच्या एका दरबाऱ्याच्या पत्रातून आली आहे. तोर्केमादा गावात थांबावं लागलं, तिथे 14 जानेवारी 1507 ला मुलगी झाली, तिचं नाव कातालिना, हे नाव लक्षात ठेवा. आणि ही बाई दुःखाने एवढी वेडीपिशी झाली होती तर निघायच्या दोन दिवस आधी तिने एक हुकूम काढला ते कसं, की आई गेल्यापासून नवऱ्याने आपल्या लोकांना वाटलेली इनामं आणि पदं सगळी रद्द! हे वर्गात सांगितलं की मुलं गप्प होतात. काही इतिहासकारांचं तर म्हणणं आहे की ती पेटी सोडत नव्हती त्यात एक शहाणपणही होतं, कारण दफन व्हायचं बाकी असलेल्या विधवेचं दुसरं लग्न लावता येत नाही, आणि लग्नाला इंग्लंडचा सातवा हेन्री टपलेलाच होता. मला हे पटतं, पण सगळं हिशेबच होता असंही मी म्हणणार नाही, तिचं त्याच्यावर प्रेम होतं, ते कसल्याही माणसावर असू शकतं.

करारानंतर निघून गेलेला बाप परत आला, सत्ता हातात घेतली आणि फेब्रुवारी 1509 मध्ये तिला तोर्देसियासच्या वाड्यात नेऊन ठेवलं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. मेली 12 एप्रिल 1555 ला, गुड फ्रायडेला, पंचाहत्तराव्या वर्षी. छेचाळीस वर्षं. आणि सगळा वेळ कायद्याने राणी तीच, कागदांवर आधी तिचं नाव मग मुलाचं, मेक्सिकोच्या टांकसाळीत 1536 पासून पडलेल्या चांदीच्या नाण्यांवर कार्लोस आणि हुआना दोघांची नावं. त्या खोलीतून तिला समोरची नदी बघायला जायची परवानगी नव्हती आणि समुद्रापलीकडच्या बाजारात तिच्या नावाने खरेदी-विक्री चालली होती.

(हे तोर्देसियास म्हणजे तेच गाव जिथे 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं. त्या वाटणीत पूर्वेकडची वाट पोर्तुगालला गेली, म्हणून पोर्तुगीज आपल्याकडे आले. हिला कोंडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1510 ला, त्यांनी गोवा घेतलं.)

वडील 1516 च्या जानेवारीत वारले, तिला कुणी सांगितलंच नाही. 1517 मध्ये मुलगा कार्लोस फ्लँडर्सहून आला, आईला भेटला आणि तिला तिथेच ठेवून गेला. 1518 पासून देनियाचा मार्क्विस तिचा रखवालदार. हा माणूस तिला सांगत राहिला की तुमचे वडील जिवंत आहेत, त्यांना पत्र लिहा ना. मेलेल्या माणसाला पत्र लिहायला लावायचं. आणि मग कार्लोसला कळवायचं की राणीसाहेबांना कशाचं भान नाही.

1520 मध्ये कास्तियाच्या शहरांनी कार्लोसच्या करांविरुद्ध आणि त्याच्या परदेशी लोकांविरुद्ध बंड केलं, कोमुनेरो म्हणतात त्यांना. ऑगस्टच्या शेवटी त्यांचा पुढारी पादिया आणि बाकीचे तोर्देसियासला पोचले, देनियाला हाकललं आणि राणीसमोर उभे राहिले. वडील कधीच गेले हे तिला इतक्या वर्षांनी तेव्हा नीट कळलं. सप्टेंबरात तिने त्यांच्या प्रतिनिधींपुढे भाषण केलं, ते नोंदवलेलं आहे, आणि ते वेड्या माणसाचं नाही. माझ्याशी खोटं बोलले, मला वाईट लोकांत ठेवलं, आधी कळलं असतं तर मी काही केलं असतं, अशा अर्थाचं. बंडवाल्यांना हवी होती फक्त सही. तिची सही मिळाली असती तर बंड हे बंड राहिलंच नसतं, राणीचा हुकूम झाला असता आणि कार्लोसची गादी गेली असती. त्यांनी विनवण्या केल्या, दबाव आणला, आठवडेच्या आठवडे. तिने सही केली नाही. डिसेंबरच्या 5 तारखेला राजाचं सैन्य आत घुसलं, देनिया परत आला, दार परत बंद. पुढच्या एप्रिलमध्ये वियालारला बंड संपलं, पुढाऱ्यांची डोकी उडवली. मुलाची गादी तिने वाचवली आणि बदल्यात तिला आणखी चौतीस वर्षं मिळाली. आयुष्यभर बापाने, नवऱ्याने आणि मुलाने ती सह्यांच्या लायकीची नाही असं सांगितलं आणि त्या चौदा आठवड्यांत सगळ्या स्पेनचं भवितव्य तिच्या एका सहीवर अडलेलं होतं.

आता कातालिना. तिन्ही त्रिकाळ आईजवळ राहिलेलं एकच मूल हे. आईच्या खोलीला लागून तिची खोली. 1518 मध्ये कार्लोसने बहिणीला रात्री भिंत फोडून पळवून नेलं, तेव्हा हुआनाने अन्न सोडलं आणि त्याला तिला परत आणावं लागलं. 1521 च्या ऑगस्टमध्ये चौदा वर्षांच्या या मुलीने भावाला पत्र लिहून देनियाची तक्रार केली, त्यात तिने सांगितलंय की आईला नदीकडच्या सज्जात जाऊन जरा बघावंसं वाटलं तर तिला जाऊ देत नाहीत, उजेड नसलेल्या खोलीत कोंडतात. 1525 मध्ये कातालिनाचं पोर्तुगालच्या राजाशी लग्न लावून दिलं. हुआनाची सहाही मुलं जगली आणि दोन सम्राट, चार राण्या झाल्या, त्यातली ही धाकटी. नवरा गेल्यावर 1557 ते 1562 नातवाच्या नावाने पोर्तुगालचा कारभार तिने बघितला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं ते 1560 मध्ये, हिच्या कारकिर्दीत. बंद दारामागे वाढलेली मुलगी, आणि तिच्या राज्यात आपल्याकडे किती माणसं कोंडली गेली. मी याचा खूप विचार केलाय आणि मला त्याची संगती लागत नाही.

मी हुआनाच्या एवढी मागे का लागले तेही विचारता तुम्ही, तर तेही सांगते. माझ्या आजोळी, कोकणात खाडीकाठी, आईची आत्या राहायची, आम्ही बायोआजी म्हणायचो. तरुणपणी विधवा झाली, नवऱ्याच्या वाट्याची हापूसची कलमं होती, सासरच्यांनी हक्कसोड पत्र पुढे केलं, ती सही करेना. मग डोक्यावर परिणाम झालाय अशी बोलवा उठली आणि तिला माहेरी आणून सोडलं. माहेरच्यांनी तिला छळलं नाही, जेवूखाऊ घातलं, पण माजघरामागची खोली दिली आणि कुणी आलं-गेलं की बाहेरून कडी लावायचे. मी बघितली तेव्हा ती खरंच एकटीशी बोलायची, लुगडं नीट नसायचं. आधी काय होती ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून मी तुम्हाला एवढंच खात्रीने म्हणू शकते की 1506 साली हुआना वेडी नव्हती. 1555 मध्ये काय होती ते ज्यांनी छेचाळीस वर्षं कुलूप लावलं त्यांना विचारायला पाहिजे.

बायोआजीच्या खोलीची खिडकी गोठ्याकडे होती, खाडी दिसायची नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं दारावरून गेलो की ती आतून विचारायची, भरती आली का गो? आम्ही पळत जाऊन बघून यायचो आणि सांगायचो. पण खेळ रंगलेला असला की न जाताच ओरडायचो, आली आली. कातालिनाचं ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या भरत्या आठवल्या, ज्या आम्ही न बघताच तिला सांगितल्या होत्या, आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, बरं झालं हो, आता होड्या येतील.