स्ट्रेंग्थ नव्वद, क्वालिटी शून्य

आमच्या घरी संध्याकाळी सातला टीव्ही लागतो तो सह्याद्रीच्या बातम्यांसाठी. आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होत आली, पण पाळीची सवय गेलेली नाही. सात म्हणजे सात. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री त्यांनीच बसवून घेतली. महिन्याचं भाडं नाही, हे एकच कारण. 'फुकटाच्या गाईचं दात मोजायचं न्हाईत,' असंही वर ते म्हणायचे.

गेल्या जुलैत मात्र त्यांनीच रोज मोजायला सुरुवात केली. सात वाजले की पडद्यावर आधी चौकोन चौकोन यायचे, निवेदिकेचं तोंड हनुवटीपासून तुटायचं आणि मग काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'.

पहिला संशय अर्थातच पावसावर. छत्रीकडे येणाऱ्या लहरी अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोरदार सर आली की थेंब त्या शोषतात, विखुरतात. हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत चित्र परत येतं. आमचं येत नव्हतं.

छत्रीवाला बोलावला. त्याने टीव्हीजवळच्या सेट-टॉप डब्याच्या मेनूत जाऊन दोन पट्ट्या दाखवल्या. स्ट्रेंग्थ नव्वद, क्वालिटी शून्य. 'एलएनबी गेलाय साहेब.' एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचा, लहरी पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा भाग. साडेचारशे रुपये देऊन एलएनबी बदलला, चित्र लख्ख. दोन दिवसांनी परत तेच. तो परत आला, परत म्हणाला एलएनबी. 'माल डुप्लिकेट आला असंल.' दुसरा बसवला. चार दिवस चाललं. आबा म्हणाले, 'आरं, त्यो एलएनबी बदलतोय का पंचांग बघून येतोय?'

ते बोलले चेष्टेत, पण त्यावरूनच मला सुचलं. कॅलेंडरवर आई दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकटीत मी रोज दोन खुणा करायला लागलो, पाऊस कसा होता आणि टीव्ही कधी गेला, कधी आला. दहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं (टीव्हीवरचं नव्हे). धो धो पडून लगेच उघडलं त्या दिवशी टीव्ही ठीक. पण दोन-तीन दिवस नुसती झिमझिम लागून राहिली की टीव्ही जायचा, आणि पाऊस थांबल्यावरही गेलेलाच राहायचा. ऊन पडल्यावर दुपारी दोन-तीनला आपोआप परत. एलएनबी बदलला ते दोन्ही दिवस उन्हाचे होते. म्हणजे आकाशातलं पाणी आडवं येत नव्हतं, कुठेतरी साठलेलं पाणी वाळायला वेळ घेत होतं.

त्या दोन पट्ट्यांबद्दल आधी सांगायला हवं, कारण निम्मे पैसे त्यातच जातात. स्ट्रेंग्थ म्हणजे डब्यापर्यंत किती जोरात काहीतरी येतंय. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी ती पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसते. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून डब्याला कामाचं किती कळतंय. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ नव्वद आहे म्हणून केबल ठीक, हा निष्कर्ष चुकीचा आणि आमच्या छत्रीवाल्याने तोच काढला होता.

रविवारी मल्टिमीटर घेऊन गच्चीवर गेलो. एलएनबीला वीज खालच्या डब्यातूनच जाते, त्याच केबलमधून, 13 किंवा 18 व्होल्ट. केबल एलएनबीपासून काढून टोकाला मोजली तर 13 च्या पुढे. सगळं ठीक वाटलं आणि मी अर्धा तास वाया घालवला. एलएनबी जोडलेलाच नसेल तर प्रवाह वाहत नाही आणि खराब सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, हे एका शेजाऱ्यांनी सांगितलं. ते आयटीआयला शिकवायचे. 'जोडून मोज की लेका,' एवढंच बोलले आणि पेपर वाचायला लागले.

आमच्या केबलला पत्र्याच्या पन्हाळीखाली एक सांधा होता, कधीतरी केबल कमी पडली म्हणून दिलेला. वर काळी टेप, पीळ मारून. एलएनबी जोडून, टेप सोडून सांध्याच्या दोन्ही बाजूंना मोजलं. डब्याकडच्या बाजूला 13, एलएनबीकडच्या बाजूला नऊ. चार व्होल्ट त्या बोटभर सांध्यातच मुरत होते.

टेपच्या आत पाण्याचा वास येत होता. तांब्याची जाळी काळपट पडलेली, मधल्या तारेवर हिरवट पूड, आणि वरच्या काळ्या सालीत पाणी इतकं शिरलेलं की केबल दाबली तर थेंब आला. जाळीतून पाणी वातीसारखं चढतं. टेप वरून गुंडाळली की ते आत कोंडतं, बाहेर पडायचं नाव घेत नाही. म्हणजे पावसापासून वाचवायला लावलेली टेपच पाणी धरून बसली होती.

सांधा काढून टाकला. डब्यापासून एलएनबीपर्यंत अखंड नवी आरजी-6 केबल ओढली, दोन्ही टोकांना दाबून बसणारे एफ-कनेक्टर. पिळून बसवायचे स्वस्त कनेक्टर मिळतात, ते घेऊ नका. एलएनबीला जोडण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी खालच्या वळणावरून टपकून जातं, कनेक्टरकडे जात नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. छत्रीचा नट ढिला वाटला म्हणून आवळायला गेलो आणि ती खाली मान टाकून बसली.

मग उपग्रह शोधणं आलं. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला. कोल्हापूर 74 अंशांवर, त्यामुळे छत्री आग्नेयेला, उत्तरेपासून मोजली तर साधारण 129 अंश, आणि वर सुमारे 60 अंश. मोबाइलचं होकायंत्र छत्रीच्या लोखंडाजवळ धरलं की वेड्यासारखं फिरतं, चार पावलं लांब जाऊन दिशा घ्यावी लागते. शेजाऱ्याच्या छत्रीकडे बघून लावावं तर ती कुठल्या कंपनीची, तिचा उपग्रह वेगळा. शिवाय ही छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. 60 अंश म्हणून तोंड आकाशाकडे केलं की चुकलं.

आई खाली टीव्हीसमोर, मी वर, मध्ये मोबाइलचा स्पीकर. 'शून्य. शून्य. आली! गेली!' डब्याला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यामुळे बोटभर हलवून थांबायचं असतं. मी थांबत नव्हतो. पाऊण तासाने आई म्हणाली, 'साठ. आता हात लावू नको, चहा टाकलाय.' चहानंतर नटाच्या फेऱ्यांवर क्वालिटी बहात्तरवर नेली.

एवढं झाल्यावर आबांनी जाहीर केलं की श्रावणात देवळात सातलाच भजन आहे, तर बातम्या 'धरून ठेवायची' काही सोय बघ.

राजारामपुरीतल्या दुकानदाराने आधी खाजगी कंपनीचा रेकॉर्डर डबा दाखवला. उत्तम चालतो, एक रेकॉर्ड करत दुसरं बघता येतं. पण त्यातलं रेकॉर्डिंग त्याच डब्यात बघायचं आणि महिन्याला पैसे भरत राहायचे. आबा भरणार नाहीत. दुसरा उपाय संगणकाला टीव्ही ट्यूनर जोडायचा, म्हणजे रोज सातला मी घरी हवा. शेवटी यूएसबीवर रेकॉर्ड करणारा साधा एमपीईजी-4 (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) डबा घेतला. फ्री डिशवरच्या काही वाहिन्या जुन्या एमपीईजी-2 डब्यावर दिसतच नाहीत, त्यामुळे तो तसाही बदलायचाच होता. दुकानातच एक गोष्ट करून पाहिली, रेकॉर्ड केलेली फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडते का. उघडली तेव्हाच पैसे दिले.

जुनी पोर्टेबल हार्डडिस्क लावली तर टकटक आवाज करून बंद पडायची, डब्याच्या पोर्टातून तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. 32 जीबीचा पेनड्राइव्ह लावला, निमूट चालला. साध्या वाहिनीचं तासाला दीड जीबीच्या आसपास जातं. एका रविवारी आईने तीन तासांचा सिनेमा लावला आणि शेवटची मारामारी गायब. पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. मेनूत फाइल तुकड्यांत साठवायची सोय होती, ती चालू केली.

खरी गंमत टायमरची. सातचा टायमर लावला आणि सकाळी बघतो तर भलताच कार्यक्रम. डबा उपग्रहावरून ग्रीनिचची वेळ घेत होता, त्याचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. सेटिंगमध्ये अधिक पाच किंवा अधिक सहा तास एवढंच, आपल्या साडेपाचातला अर्धा तास डबा बनवणाऱ्याच्या गावीच नव्हता. हाताने घड्याळ लावलं तर वीज गेली की पुसलं जायचं, आणि कोल्हापुरात पावसाळ्यात वीज जाणार नाही असं कसं चालेल? शेवटी अधिक पाच ठेवलं आणि टायमर साडेसहाचा लावला. आमच्या डब्यात सात वाजता साडेसहा वाजतात.

तरी दोन दिवस काहीच रेकॉर्ड झालं नाही. कारण आई. आबा भजनाला निघाले की ती भिंतीवरचं बटण बंद करायची, वीज वाचवायला. आता त्या बटणावर मी कागदाची पट्टी चिकटवलीय आणि त्यावर आबांनी स्वतः पेनाने लिहिलंय, 'हात लावू नये. हुकुमावरून.'

हल्ली आबा सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीच्या बातम्या बघतात. शेवटी हवामान येतं, उद्या कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्यावर मुसळधार. आबा बशी खाली ठेवून खिडकीतून बाहेर बघतात आणि आईला सांगतात, 'आगं, बरोबर सांगितलंय की ह्यानं. पडायलाय.'