गो भाषेतलं पहिलं टूल, तीन ओएसवर: आतापर्यंतची प्रगती

टूल छोटंच आहे. टर्मिनलवरून चालवायचं, खर्चाची सीएसव्ही फाइल द्यायची आणि प्रकारानुसार बेरजेचा तक्ता मिळवायचा. अट एवढीच की एकाच सोर्सवरून लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींसाठी चालणारी फाइल निघाली पाहिजे. गो निवडली ती याच कारणासाठी: दुसऱ्या ओएससाठी बिल्ड करायला वेगळी टूलचेन (कंपायलर आणि त्याची जोडटूल्स) बसवावी लागत नाही.

इन्स्टॉल सोपं आहे, पण लिनक्सवर आधीची आवृत्ती असेल तर जुना गो फोल्डर आधी पूर्ण काढून टाका आणि मगच नवी टारबॉल (गोची संकुचित फाइल) उघडा. जुन्यावर नवी पसरली की दोन आवृत्त्यांच्या स्टँडर्ड लायब्ररीच्या फाइली एकमेकींत मिसळतात आणि एरर भलतीकडेच दिसू लागतात. 'गो इन्स्टॉल'ने आणलेली टूल्स होममधल्या 'गो/बिन' फोल्डरात जातात; तो पाथमध्ये (शेल कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) टाकला नाही तर टूल बसूनही 'कमांड नॉट फाउंड' येत राहतं. पुढे 'गो मॉड इनिट' आणि मॉड्यूलचं नाव दिलं की कामाला लागता येतं.

तिन्ही ओएसचे बिल्ड पहिल्या रिकाम्या 'मेन'पासूनच काढत राहावेत. गो-ओएस (कोणत्या ओएससाठी) आणि गो-आर्च (कोणत्या प्रोसेसरसाठी) हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून 'गो बिल्ड' चालवायचं. विंडोजसाठी 'विंडोज' आणि 'एएमडी६४', नव्या मॅकसाठी 'डार्विन' आणि 'एआरएम६४'. चालणाऱ्या सगळ्या जोड्यांची यादी 'गो टूल डिस्ट लिस्ट' देतं. बॅशमध्ये व्हेरिएबल त्याच ओळीत कमांडच्या आधी लिहिलं की ते तेवढ्यापुरतंच राहतं. पॉवरशेलमध्ये मात्र ते खिडकी बंद होईपर्यंत टिकतं. गो-ओएस 'लिनक्स'वरच राहिलं आणि नंतर 'गो रन' किंवा 'गो टेस्ट' दिलं, तर विंडोजवर लिनक्सची फाइल तयार होते आणि अर्थातच चालत नाही. कोडमध्ये चूक शोधण्याआधी 'गो एन्व्ह' पाहून घ्या.

खरी गोम सीगोमध्ये, म्हणजे गोमधून सी भाषेतला कोड वापरण्याच्या सोयीत, आहे. लिनक्सवर लिनक्ससाठीच बिल्ड करताना, मशीनवर जीसीसी हा सी कंपायलर असेल तर सीगो आपोआप चालू असतं. 'नेट' किंवा 'ओएस/यूजर' पॅकेज वापरलं की तयार फाइल मशीनच्या जीलिबसीवर (लिनक्सवरची सी लायब्ररी) अवलंबून राहते. ती फाइल जुन्या लिनक्सवर नेली की 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' अशा धर्तीचा एरर येतो. अल्पाइन या जीलिबसी नसलेल्या छोट्या लिनक्सवर तर आणखी गोंधळ: फाइल समोर दिसत असते आणि शेल मात्र 'नॉट फाउंड' म्हणतं. तिथे आपली फाइल हरवलेली नसते, ती लोड करणारा जीलिबसीचा लोडर नसतो. उपाय: सीगो-एनेबल्ड शून्य करून बिल्ड करा. नंतर 'फाइल' कमांडने तपासा. 'स्टॅटिकली लिंक्ड', म्हणजे बाहेरच्या लायब्ररीची गरज नसलेली, असं दिसलं पाहिजे. दुसऱ्या ओएससाठी बिल्ड करताना सीगो मुळातच बंद असतं, म्हणून हा घोळ बहुधा आपल्याच ओएसच्या बिल्डमध्ये सापडतो.

तक्त्याचे साचे गोच्या 'एम्बेड' सोयीने चालणाऱ्या फाइलीच्या आतच भरले आहेत. एम्बेडमधले पाथ विंडोजवरही सरळ स्लॅशनेच लिहायचे असतात. 'फाइलपाथ' पॅकेजचं 'जॉइन' विंडोजवर उलटा स्लॅश घालतं, म्हणून लिनक्सवर चालणारा कोड तिथे साचा सापडत नाही म्हणून थांबतो. आतल्या फाइलींसाठी 'पाथ' पॅकेज आणि डिस्कवरच्या फाइलींसाठी 'फाइलपाथ', एवढं पक्कं ठेवलं की झालं. निकाल आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदलण्याच्या पद्धतीतही फरक पडतो: लिनक्सवर उघड्या फाइलीचं नाव बदलता येतं, विंडोजवर सहसा नाही. 'डिफर'वर (फंक्शन संपताना आपोआप चालणारी ओळ) विसंबू नका, 'रीनेम'च्या आधी 'क्लोज' करा आणि त्याचा एररही तपासा.

सीएसव्हीत एक छुपा बग बसतो. स्प्रेडशीटमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीच्या सुरुवातीला अनेकदा ३ बाइटचा बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) असतो आणि गोचं सीएसव्ही पॅकेज तो काढत नाही. त्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव दिसतं 'तारीख', पण तुलनेत जुळत नाही. रकान्यांची नावं आणि क्रमांक मॅपमध्ये (नावावरून मूल्य देणारी रचना) ठेवले असतील तर न सापडलेल्या नावाला मॅप शून्य देतो, आणि पहिल्या रकान्याचा क्रमांकही शून्यच. उत्तर योगायोगाने बरोबर येतं! नंतर एखादा रकाना खरोखरच गायब असला की त्याच्या जागी मुकाट्याने तारीख वाचली जाते. मॅपमधून वाचताना नाव सापडलं का ते सांगणारं दुसरं 'ओके' मूल्य घ्याच. बीओएमसाठी 'बफआयओ' रीडरवर ३ बाइट 'पीक' करून जुळले तर 'डिस्कार्ड' करायचे.

देवनागरीत तक्ता सरळ लावणं हे सगळ्यात चिवट काम. 'प्रवास' हा शब्द लांबी मोजणाऱ्या 'लेन'ला १८ बाइट दिसतो, रून (युनिकोडची सुटी चिन्हं) मोजले तर ६, आणि डोळ्यांना अक्षरं ३. 'प्रिंटएफ'मधली रुंदी रूनमध्ये मोजली जाते, 'टॅबरायटर'चंही तेच, त्यामुळे रकाने हलतात. जोडचिन्हं वगळून मोजण्याचा मार्ग आहे, पण निरनिराळे टर्मिनल काना-मात्रा निरनिराळ्या रुंदीत काढतात. म्हणून आकडे डावीकडे, उजवीला टेकवून, आणि नावं शेवटच्या रकान्यात ठेवली आहेत. शेवटच्या रकान्याला रुंदी लागतच नाही.

आकार कमी करायला लिंकरला 'एस' आणि 'डब्ल्यू' हे दोन फ्लॅग दिले की डीबगची माहिती निघून जाते. पॅनिकमधले (प्रोग्राम कोसळल्यावरच्या संदेशातले) ओळ क्रमांक तरीही दिसतात. यूपीएक्स या फाइल दाबणाऱ्या टूलने आणखी दाबण्याच्या फंदात पडू नये, अशा फाइलींवर विंडोजचे अँटिव्हायरस बरेचदा संशय घेतात.

पुढचं काम एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदी साठवण्याचं. सीगोवर चालणारा ड्रायव्हर सीगो बंद ठेवूनही बिनतक्रार कंपाइल होतो आणि डेटाबेस उघडतानाच एरर देतो, म्हणून शुद्ध गोमधला ड्रायव्हर घेऊन तिन्ही ओएसवर चाचणी करायची आहे. त्याच बरोबर 'टाइम/टीझेडडेटा' इम्पोर्ट करायचं आहे, कारण विंडोजवर टाइमझोनची माहिती गोला हव्या त्या रूपात नसते आणि 'लोडलोकेशन' तिथे अडतं. फाइल साधारण ४५० केबीने वाढेल, ती वाढू द्यावी.